समुद्र न पाहता युद्धनौकेवरचं डॉक्टर कसं व्हावं

मुळशीतल्या कोळवणातून समुद्र दिसत नाही. तिकोन्यावर चढलात तरी खाली दिसतं ते पवना धरणाचं पाणी, आणि त्यालाच समुद्र समजून फोटो काढणारे फक्त शनिवार-रविवारी येतात. तरीही या खोऱ्यातल्या एखाद्या हुशार मुलाला किंवा मुलीला युद्धनौकेवर, त्यातही युद्ध चालू असताना, डॉक्टर म्हणून जावंसं वाटू शकतं. वाटण्यावर कर नाही. अशा होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका.

अंतर पाहून धीर सोडू नका. पुणे जिल्ह्याला वीतभरही किनारा नाही, पण नौदलाने ते कधी मनाला लावून घेतलेलं नाही. जहाजांची यंत्रं सांभाळणारे लोक १९४५ पासून लोणावळ्याच्या डोंगरावर, आयएनएस शिवाजीमध्ये तयार होतात. नौदलाचे भावी अधिकारी खडकवासल्याच्या जलाशयात शिडाची होडी चालवायला शिकतात. आणि तिन्ही सैन्यदलांचे डॉक्टर घडवणारं एएफएमसी १ मे १९४८ पासून वानवडीत आहे. तिथल्या मुलांच्या वाट्याला सगळ्यात जवळचं वाहतं पाणी येतं ते भैरोबा नाल्याचं. त्यांचं जमतं, तर आपल्या वाळकी नदीच्या काठावर वाढलेल्या माणसाचं का जमू नये?

१. घरच्यांना दोन हप्त्यांत सांगा

पहिल्या हप्त्यात "डॉक्टर होणार" एवढंच बोला. पेढे वाटले जाऊ द्या. काका रस्त्याला लागून असलेले दोन गुंठे "आपल्या डॉक्टरच्या हॉस्पिटलसाठी" राखून ठेवल्याचं जाहीर करतील. त्यांना तो आनंद घेऊ द्या. जागा फार्महाऊसवाल्याला जाईपर्यंतच तो टिकणार आहे. "युद्धनौकेवर" हा शब्द दुसऱ्या हप्त्यात काढा. आई विचारेल, "तिथं पेशंट येतात का रे?" खरं उत्तर असं की एरवी फार येत नाहीत, आणि युद्धात आले की सगळे एकदम येतात. हे उत्तर देऊ नका. "सरकारी नोकरी आहे" म्हणा. आपल्याकडे या वाक्यापुढे कुठलंही युद्ध टिकत नाही.

२. कॉलेजात शिरा, किंवा शिरू नका

सरळ रस्ता असा. नीट ही प्रवेशपरीक्षा द्या. चांगले गुण पडले की एएफएमसीचं बोलावणं येतं, मग इंग्रजीची आणि तर्काची परीक्षा, मुलाखत, आणि वैद्यकीय तपासणी. जागा १४५, त्यातल्या ११५ मुलांच्या आणि ३० मुलींच्या. देशभरातून लाखो मुलं नीटला बसतात, तेव्हा तुमचा नंबर लागण्याची शक्यता किती, हे गणित नीटच्या अभ्यासक्रमात नाही हे बरंच आहे. वैद्यकीय तपासणीला जाताना तळवे बघून जा. इतकी वर्षं भाताच्या खाचरात अनवाणी उभं राहून ते सपाट झाले असतील, तर एक डॉक्टरच तुम्हाला डॉक्टर होण्यास नालायक ठरवील. त्याचा राग मानू नका, तोही बाँडवर आहे.

बाँडवर सही करताना वाचायचा आव आणा, वाचू नका. शिक्षण सरकारच्या खर्चाने, राहणं-जेवण सरकारचं, कपडेसुद्धा सरकारचे. मधेच पळालात तर सगळ्याची किंमत लाखांत मोजावी लागते. शिक्षण संपल्यावर तिन्ही दलांत वाटणी होते आणि सगळ्यात जास्त डॉक्टर लागतात भूदलाला. त्यामुळे तुम्ही समुद्र मागाल आणि तुम्हाला तेरा हजार फुटांवरचा बर्फ मिळेल, असंही होऊ शकतं. तेही पाणीच आहे, गोठलेलं.

नौदल मिळालंच, तर मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात पाण्यावरची आणि पाण्याखालची डॉक्टरकी शिकवतात. तिथे समुद्र खिडकीतून दिसतो. पहिल्या दिवशी घरी फोन करून तसं कळवा. पुढच्या दिवसांत तो इतका दिसेल की कळवावंसं वाटणार नाही.

हा सगळा व्याप ज्यांना जड वाटतो त्यांच्यासाठी आडवाटही इतिहासात नोंदलेली आहे. कोरियाच्या युद्धात, १९५१ साली, कॅनडाच्या कायुगा या विनाशिकेवर डॉ. जोसेफ सायर नावाचे सर्जन रुजू झाले. प्रत्यक्षात ते होते फर्डिनांड डेमारा, अमेरिकेतले नामांकित तोतये. डिग्री नाही, कॉलेज नाही, खऱ्या डॉ. सायर यांची कागदपत्रं मात्र खिशात. जहाजावर गेल्या गेल्या कॅप्टनसाहेबांचीच दाढ दुखू लागली, ती यांनी उपटली. मग जखमी कोरियन सैनिक जहाजावर आणले गेले. डेमारांनी खोलीत जाऊन वैद्यकाचं पुस्तक चाळलं, बाहेर आले, आणि एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या. पेशंट वाचले. इथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. घात केला तो कौतुकाने. वर्तमानपत्रात बातमी आली, ती खऱ्या सायरच्या आईने वाचली, आणि आपला मुलगा तर घरीच आहे हे तिच्या लक्षात आलं. कॅनडाच्या नौदलाने खटला न भरता त्यांना गुपचूप घरी पाठवलं. आपल्याच भरतीवर खटला कोण भरणार?

ही शिफारस नाही, नुसती माहिती आहे. तरी एक बारकावा टिपून ठेवा: या वाटेने जायचं तर चांगलं काम करू नका.

३. पोट घोटवून घ्या

युद्धनौकेच्या डॉक्टरचा पहिला पेशंट तो स्वतः असतो. बोट लागते. कान सांगतो आपण हलतोय, डोळा समोरची लोखंडी भिंत बघून सांगतो आपण जागच्या जागी आहोत, आणि दोघांच्या भांडणाचा निकाल पोट देतं. उपाय सगळ्या पुस्तकांत एकच आहे: मोकळ्यावर जा, क्षितिजाकडे नजर लावा. तुमचा दवाखाना, म्हणजे सिक बे, जहाजाच्या पोटात असतो. तिथून क्षितिज दिसत नाही. औषधांचं कपाट दिसतं, तेही हलताना.

सरावासाठी मुळशीकरांइतकी सोय दुसऱ्या कुणालाच नाही. जुलै महिन्यात पौडवरून ताम्हिणी घाटातून माणगावकडे जाणारी एसटी धरा. शेवटचं बाक घ्या. काच लावून घ्या. पहिल्या वळणाला सुईत दोरा ओवा, तिसऱ्याला शेजाऱ्याची नाडी मोजा, आणि धुक्यात समोरून ट्रक आला की एखाद्या केळ्याला सलाईनची सुई टोचून बघा. शेजारी उलटी करू लागला तर त्याला धीर द्या, पण स्वतः करू नका. कोकणात उतरल्यावर उभं राहता आलं, तर तुम्ही लहान फ्रिगेटला लायक आहात. वडापाव खाता आला, तर पाणबुडीविरोधी मोहिमेलाही.

गोळी घ्यायची तर एसटीत आई देते तीच, ॲव्होमिन. बोटीवरही तीच चालते. तिच्याने झोप येते एवढाच तोटा आहे, आणि युद्धात झोप कुणाला नको असते? ब्रिटिश नौदलाच्या नेल्सनलाही आयुष्यभर बोट लागायची. लंडनच्या भर चौकात त्याचा पुतळा उंच खांबावर उभा आहे. बहुधा क्षितिज दिसावं म्हणून.

४. मोठ्या जखमांची वाट पाहू नका

हौशी उमेदवाराला वाटतं की जहाजावर पाय ठेवला की तोफगोळे आणि छातीतल्या गोळ्या. मुकाट्याने गजकर्णाचं मलम मागवून ठेवा. उष्ण कटिबंधात, लोखंडी खोलीत, घामेजलेल्या कपड्यांत दोन-तीनशे माणसं राहतात. त्यांचा मुख्य शत्रू जांघेत असतो. त्याखालोखाल घामोळं, दाढ, आणि बद्धकोष्ठ. दाढेकडे दुर्लक्ष करू नका. युद्धाच्या धामधुमीत दाढ दुखणारा माणूस रडारसमोर बसलेला असतो.

पाठदुखीची एक विशेष जात आहे. डेकवरचा गंज खरवडून रंग द्यायचा हुकूम निघाला की ती पसरते आणि किनाऱ्याला लागायच्या दिवशी साथ आपोआप ओसरते. संशोधनाला वाव आहे.

दवाखाना दोन तास, बाकी वेळ तपासणी. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत क्लोरीन किती, गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, झुरळं किती, आचाऱ्याची नखं केवढी. हे हलकं काम समजू नका. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत तलवार या नौदलाच्या तळावर खलाशांनी निकृष्ट जेवण नाकारलं, आणि दोन-तीन दिवसांत जहाजाजहाजांवर उठाव पेटला. साम्राज्य हादरायला इतर कारणं होतीच, पण ठिणगी पडली ती ताटात. तेव्हा डाळीत खडा लागला तर आधी तुम्ही बोला. आचाऱ्यावर मनसोक्त ओरडून घ्या. त्याची किंमत पुढच्या पायरीत कळेल.

गुप्ततेचं मात्र विसरा. तुमचा पेशंट तुमच्यापासून पंधरा पावलांवर झोपतो, तुमच्याच नळावर दात घासतो, आणि कुणाला कुठल्या बंदरात काय झालं हे तुमच्याआधी गॅलीला माहीत असतं.

५. जेवणाच्या टेबलावरचा कपडा काढा

इथे जरा बसा. घाई करायची पायरी नाही ही.

ॲक्शन स्टेशन्सचा, म्हणजे लढाईच्या जागा घ्यायचा, गजर झाला की अधिकाऱ्यांची वॉर्डरूम तुमचं ऑपरेशन थिएटर होते. काल ज्या टेबलावर मटण खाल्लंत, कॅप्टनसाहेबांचा तोच तो विनोद ऐकून हसलात, त्याच टेबलावर आज माणूस झोपणार. टेबलाचे पाय जमिनीला पक्के आहेत ना ते हलवून बघा. माणसाला बांधायचे पट्टे जवळ ठेवा. जहाज गर्रकन वळलं तर पेशंट, चाकू आणि तुम्ही तिघंही एका दिशेला जाल, आणि कोण आधी पोचेल सांगता येत नाही.

तुमच्या हाताखालचा शिकलेला मेडिकल असिस्टंट तुमच्याजवळ ठेवत नाहीत. त्याला जहाजाच्या दुसऱ्या टोकाला बसवतात. कारण साधं आहे: एकाच गोळ्यात दोघंही जाऊ नयेत. ही व्यवस्था कुणी समजावून सांगितली तर "हो, बरोबर आहे" म्हणा आणि कुठलं टोक जास्त सुरक्षित हे विचारू नका. मग मदतीला कोण? आचारी, वाढपी आणि कारकून. तोफा-यंत्रांवर ज्यांचं काम नाही ते सगळे स्ट्रेचर उचलायला आणि पट्ट्या बांधायला येतात. काल ज्याच्या नखांवरून तुम्ही आख्ख्या गॅलीसमोर त्याला झापलंत, तोच आज तुम्हाला कात्री देणार आहे.

पांढरी सुती टोपरी आणि हातमोजे चढवा. त्यातून फक्त डोळे दिसतात. स्फोटाच्या झोताने तोंड आणि हात भाजू नयेत म्हणून ही सोय. जलरोधक दरवाजे बंद होतील, हवेचे पंखे बंद होतील, आणि मग बराच वेळ काहीही होणार नाही. युद्धातला डॉक्टरचा मुख्य उद्योग वाट पाहणं हा आहे. बाहेर रात्र आहे की दिवस, गोळा आपण मारला की आपल्याला लागला, हे तुम्हाला फक्त भिंतीतून येणाऱ्या आवाजावरून ओळखायचं असतं. वेळ जात नसेल तर पट्ट्या मोजा. मोजून झाल्या की पुन्हा मोजा, आकडा तोच येईल.

मग माणसं यायला लागतात. उभ्या शिडीवरून, माणूस जेमतेम मावेल एवढ्या झाकणातून. यासाठी नील रॉबर्टसन स्ट्रेचर नावाची वस्तू असते: जाड कापड, त्यात शिवलेल्या बांबूच्या कामट्या, आणि आडवे पट्टे. जखमी माणूस त्यात गुंडाळून, छातीशी, कमरेशी, गुडघ्यांशी आवळून, दोराने उभाच्या उभा वर ओढायचा किंवा खाली सोडायचा. धनगरवाड्यावरून ऐन पावसात झोळीत घालून पेशंट खाली आणलेल्या मावळ्याला हे नव्याने शिकवावं लागू नये. फरक एवढाच, की तिथे निसरडी वाट पायाखाली असते. इथे वाटच डाव्या-उजव्या बाजूला कलंडत असते.

पहिला नियम: सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आधी जाऊ नका. ओरडायला श्वास लागतो, आणि तो त्याच्याकडे आहे. गप्प पडलेल्याकडे जा.

दुसरा नियम वानवडीत हळू आवाजात शिकवत असावेत. जहाज अडचणीत असेल, लढणारे हात कमी पडत असतील, तर आधी त्याला बघायचं जो पट्टी बांधून पुन्हा तोफेवर जाऊ शकेल. जो वाचेल की नाही सांगता येत नाही तो थांबेल. गावच्या दवाखान्यात असं वागलात तर लोक काचा फोडतील, आणि बरोबरच करतील. पण इथे तुमचा पेशंट माणूस नसतो. जहाज असतं. माणूस हा त्याचा एक सुटा भाग आहे, आणि तुम्ही वर्कशॉपवाले.

मॉर्फिन दिलंत की कपाळावर एम लिहा आणि वेळ टाका, नाहीतर दुसरा कुणी दयाळू माणूस पुन्हा देईल आणि पेशंट कायमचा शांत होईल. पेन दोन ठेवा. घामावर आणि तेलावर एक चालत नाही.

आता गणित. युद्धनौकेवर गोळी लागलेल्यांपेक्षा भाजलेले बरेच येतात, कारण जहाज म्हणजे तेल, दारूगोळा आणि वायरी यांच्यात माणसं बसवलेली वस्तू. माणूस किती भाजला हे नवाच्या पाढ्याने काढतात: डोकं ९ टक्के, एकेक हात ९, एकेक पाय १८, पुढचं अंग १८, मागचं १८, आणि उरलेला १ कुठे ते समजून घ्या. बेरीज १०० येते. मग सूत्र असं: वजन किलोमध्ये, गुणिले भाजल्याचे टक्के, गुणिले चार. येईल तेवढं मिलिलिटर सलाईन २४ तासांत, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. साठ किलोचा खलाशी ४० टक्के भाजला तर ९,६०० मिलिलिटर. म्हणजे अर्ध्या लिटरच्या सुमारे वीस बाटल्या. एका माणसाला. एका स्फोटात असे दहा आले, तर दोनशे बाटल्या.

आता कपाटात बघा. बंदरातून निघताना तुम्ही मागितल्या होत्या त्यातल्या निम्म्या आल्या, कारण जागा दारूगोळ्याला लागते. तो ज्यांच्यावर पडेल त्यांचं गणित त्यांचा डॉक्टर करील.

रक्त? रक्त फ्रीजमध्ये फारसं नसतं, ते जहाजावर चालत-फिरत असतं. कुणाचा गट कोणता ही यादी तयार ठेवा आणि लागेल तसा माणूस बोलवा. तो माणूस नेमका पाठदुखीवाला निघाला, तर मनातही काही आणू नका.

६. कायदा खिशात ठेवा

तुम्हाला आंतरराष्ट्रीय कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते वाचून तुमचे डोळे पाणावतील. १२ ऑगस्ट १९४९ चा दुसरा जिनिव्हा करार समुद्रावरच्या जखमी, आजारी आणि जहाज फुटलेल्या सैनिकांसाठी आहे. त्याच्या २८ व्या कलमानुसार युद्धनौकेवर लढाई झाली तर तिथल्या सिक बेचा मान राखावा आणि शक्य तितकी ती वाचवावी.

शक्य तितकी. म्हणजे टॉर्पेडोने येताना इंजिनरूम धरावी, शस्त्रागार धरावं, पण डावीकडचा तिसरा दरवाजा सोडून द्यावा. टॉर्पेडोला कलम वाचून दाखवायची जबाबदारी कोणावर, याबद्दल करार गप्प आहे.

पूर्ण पांढरं, लाल क्रॉसवालं इस्पितळ-जहाज वेगळं. त्याच्यावर हल्ला करता येत नाही. तुम्ही ज्यावर आहात ते करड्या रंगाचं आहे, आणि शत्रूची त्याच्याबद्दलची इच्छा अगदी रास्त आहे. स्वतःच्या आणि जखमींच्या बचावासाठी हत्यार बाळगायची मुभा सिक बेच्या माणसांना आहे. ते कुठे ठेवायचं हा प्रश्न आहे. सलाईनचं कपाट अर्धं रिकामं आहेच.

आणि मारायला येणारा दर वेळी शत्रूच असतो, या भ्रमातही राहू नका. बांगलादेश युद्धात, १० डिसेंबर १९७१ ला खुलन्याजवळ, मराठी नौदल अधिकारी मोहन सामंत यांच्या हाताखालच्या पद्मा आणि पलाश या बोटींवर हल्ला झाला, तो आपल्याच विमानांचा. ओळखीसाठी बोटींना पिवळा रंग दिलेला होता. सामंतांना पुढे महावीरचक्र मिळालं. पिवळ्या रंगाला काय मिळालं कळत नाही.

पकडले गेलात तर घाबरू नका, काम चालू राहतं. त्याच डिसेंबरात, सिल्हेटच्या लढाईत, मुंबईचे मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगात गेला. मॉर्फिन नव्हतं. त्यांनी स्वतःच्या खुकरीने तो तोडला. पुढची शस्त्रक्रिया केली ती कैदेतल्या पाकिस्तानी सर्जनने, आणि ती चांगली केली. शत्रूचा डॉक्टर चालेल पण शत्रूचं रक्त नको, असा कार्डोझोंचा हट्ट होता. असे पेशंट मिळणार, तयारी ठेवा.

७. वरती कळवा, आणि दीर्घायुषी व्हा

एखादी सुधारणा सुचली तर अहवाल पाठवा. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या सर्जनने बारा आजारी खलाशांवर प्रयोग करून दाखवून दिलं की हिरड्या सडवणारा स्कर्व्ही लिंबू-संत्र्याने बरा होतो. ब्रिटिश नौदलाने सगळ्या ताफ्याला लिंबाचा रस द्यायचा हुकूम काढला १७९५ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षं. लिंबू तेवढा वेळ टिकत नाही, लिंडही टिकला नाही.

शाबासकीचंही तसंच. सप्टेंबर १९४२ मध्ये सीड्रॅगन या अमेरिकी पाणबुडीवर, शत्रूच्या समुद्रात, एका खलाशाचं अपेंडिक्स सुजलं. डॉक्टर नव्हताच. व्हीलर लाइप्स नावाच्या तरुण कंपाउंडरने जखम उघडी धरायला जेवणाचे चमचे वाकवले आणि अपेंडिक्स काढलं. पेशंट वाचला. मोठे सर्जन मात्र नाराज झाले. नौदलाने त्याला पदक दिलं २००५ साली. त्यानंतर दोन महिन्यांनी तो वारला. म्हणून सुट्टीचा अर्ज आजच टाका.

८. सत्काराची तयारी

फ्लेक्सवर फोटो तुमचा असेल, जहाज मात्र अमेरिकेचं विमानवाहू. दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. शाल घ्या, श्रीफळ घ्या, "आपल्या खोऱ्याचा कान्होजी आंग्रे" ऐकून मान खाली घाला. भाषण संपताच तीन जण बाजूला घेऊन गुडघा दाखवतील, एक जण मिलिटरी कँटीनचं विचारील. चौघांनाही उत्तर द्या. सत्कार त्यासाठीच होता.

दोन्ही बाजूंनी सत्कार हवा असेल तर ब्रिटनच्या रिक जॉली यांचा कित्ता गिरवा. १९८२ च्या फॉकलंड युद्धात या नौदल सर्जनने एका जुन्या मटणाच्या शीतगृहात इस्पितळ थाटलं. छतात न फुटलेले बॉम्ब अडकलेले होते, तरी काम चालू. त्याआधी बुडत्या आर्डेंट जहाजावरच्या माणसांना काढायला ते हेलिकॉप्टरमधून थेट थंडगार समुद्रात उतरले होते. जखमी कुठल्या देशाचा हे त्यांनी बघितलं नाही. ब्रिटनने गौरवलं, आणि पुढे अर्जेंटिनानेही. आपल्याकडे हे जरा जपून. शत्रूचं पदक घेऊन आलात तर फ्लेक्स काढायला लावतील.

९. पोहायला शिका

ही खरं तर पहिली पायरी. शेवटी ठेवली, कारण आधी सांगितली असती तर पुढचं कुणी वाचलं नसतं.

९ डिसेंबर १९७१. रात्री नऊच्या आसपास, दीवच्या समुद्रात, पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो आयएनएस खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं जीवरक्षक जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले. वाचले ६७. दुसऱ्या दिवशी कच्छल या नौकेने त्यांना पाण्यातून उचललं. दीवला टेकडीवर स्मारक आहे, कधी गेलात तर बघा.

त्या काही मिनिटांत वरच्या आठ पायऱ्यांपैकी एकही चालत नाही. टेबलाचे पट्टे, नवाचा पाढा, कपाळावरचा एम, २८ वं कलम, काहीच नाही. सिक बे वरच्या डेकवर नसते, आणि स्ट्रेचर उभा वर ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळत नाही. बाहेर पडणारे पडतात, आणि मग अंधारात, तेलाच्या तवंगात, कुणीतरी येईपर्यंत तरंगत राहायचं असतं. डॉक्टरसाठी वेगळी सोय नसते.

तेव्हा वाळकीच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात ती पोहू देत नाही आणि उन्हाळ्यात तिच्यात पोहण्याइतकं पाणी नसतं. पुण्याला तलावावर जा. कपडे आणि बूट घालून पोहण्याचा सराव करा. वेगाने पोहायची गरज नाही, तासन्‌तास न थकता तरंगता आलं पाहिजे. अंधाराची, खाऱ्या पाण्याची, तोंडावर येणाऱ्या लाटेची भीती तिथे जाणार नाही, पण हात-पाय तरी ऐकायला लागतील. नीटचा क्लास अकरावीत लावलात तरी चालेल. पोहण्याचा याच उन्हाळ्यात लावा.